मधली जागा

शनिवारी सकाळी, घरात लग्नाची धांदल ऐन भरात असताना, मी एका अनोळखी बाईला धडकलो. माझ्या हातात अक्रोडाच्या कुकीजचा भला मोठा ट्रे होता. तो घेऊन मी माझ्या बहिणीच्या, इरीनच्या घरून चर्चच्या हॉलकडे निघालो होतो. ग्लेनवुड अ‍ॅव्हेन्यूचा फुटपाथ तिथे असा ऐसपैस की दोन म्हशी शेजारी शेजारी गप्पा मारत जातील. समोरून ती येत होती, काखेत धुतलेल्या कपड्यांची टोपली. ती तिच्या उजवीकडे सरकली, मी माझ्या डावीकडे. म्हणजे पुन्हा समोरासमोरच. मग ती डावीकडे, मी उजवीकडे. मग दोघंही थांबलो, दोघंही हसलो, दोघांनीही एकाच वेळी ठरवलं की आता मीच बाजूला होतो, आणि ट्रे तिच्या टोपलीवर आदळला. अर्ध्या कुकीज फुटपाथवर, काही तिच्या स्वच्छ उशांच्या अभ्र्यांत. पिठीसाखर तिच्या कोपरापर्यंत. "नाचायचं होतं तर आधी विचारायचं की हो," ती म्हणाली, अभ्र्यातली एक कुकी काढून तोंडात टाकली, "कुणाचं लग्न?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघूनही गेली. मी तसाच उभा. मला लाज वाटत होती, पण कुकीजची नव्हे.

लाज याची की गेली कितीतरी वर्षं मी पोरांना एकच गोष्ट शिकवत आलोय. समोरून पळत येणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नका. तोंड खोटं बोलतं. खांदे खोटं बोलतात. डोळे तर सराईत खोटारडे. कमरेकडे बघा, कमर जिकडे जाते तिकडेच माणूस जातो. हे मी इतक्यांदा सांगितलंय की शाळेत मी सुतारकाम शिकवतो त्या वर्गातली पोरंही टेबलाचा पाय तासता तासता माझी नक्कल करतात. आणि मी स्वतः काय केलं? त्या बाईच्या तोंडाकडे बघितलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. पण बघितलं का, हे मला तिथे साखर झटकता झटकता कळलं. तिचा चेहरा घाबरलेला होता. माझा ट्रे पडेल म्हणून ती घाबरली होती. मला तिची काळजी मिटवायची होती, म्हणून मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो आणि दर वेळी तिच्याच वाटेत गेलो. काल रात्रीच्या सामन्यात रॉकोनेही नेमकं हेच केलं होतं.

रॉको टॅलेरिको माझा भाचा, इरीनचा धाकटा. आज लग्न होतं ते त्याच्या बहिणीचं, कॉनीचं. आमच्या ब्रायर स्ट्रीट हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात मी लाइनबॅकरांचा कोच आहे. बचावाला आमच्या अगदी पुढे चार दांडगे गडी जमिनीला हात टेकून वाकलेले असतात, आणि त्यांच्या मागे गुडघ्यात किंचित वाकून उभे असतात माझे तिघं. चेंडू काखेत मारून पळणारा पुढच्या भिंतीतून निसटला की तो या तिघांचा. तिघांतला मधला हा खरा मुख्य. तो समोरचा डाव वाचतो, ओरडून सगळ्यांना जागा सांगतो, आणि मधल्या भगदाडात स्वतःला झोकून देतो. काल रॉको मध्ये होता. समोरचा पोरगा डावा खांदा पाडायचा, डोळे मोठे करायचा, आणि रॉको त्या बाजूला धावायचा. तोवर तो पोरगा दुसऱ्या बाजूने पसार. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. सामना आम्ही जिंकलो तो केवळ समोरच्यांनी शेवटी चेंडू पाडला म्हणून. नंतर पार्किंगमध्ये मुख्य कोच वार्गोने गाडीच्या टपावर कोपर टेकून मला विचारलं, "एमिल, मधल्या जागेचं काय करायचं? पुढच्या शुक्रवारी नदीपलीकडचे येतायत. ते आपल्या मधोमध बैलगाडी हाकतील." मी म्हटलं, बघतो. तो म्हणाला, "बघतो नको. उद्या लग्नात भेटशील तेव्हा नाव सांग." वार्गो वाईट माणूस नाही. पण त्याला पोटदुखी आहे आणि शुक्रवारी हरलो तर ती वाढते.

नाव सांगायला माझं काय जात होतं? तीन पोरं, तीन जागा. एफ्राइन बर्गोस भक्कम बाजूला, म्हणजे जिकडे समोरचे एक जास्तीचा धिप्पाड गडी लावतात तिकडे. तो तिथेच जन्मलाय. एफ्राइनला दारात उभं केलं तर दार लावायची गरज नाही. लमॉन्ट प्रुइट मोकळ्या बाजूला, जिकडे मैदान उघडं असतं, लांबून धावत येऊन पकडायचं असतं. लमॉन्ट तिथे चुकत नाही, पण रमतही नाही. तो इतका कमी बोलतो की पहिलं वर्षभर मला वाटायचं त्याला मी आवडत नाही. मात्र व्हिडिओ टेप पुन्हा पुन्हा लावून बघताना मी पाहिलं होतं: चेंडू हलायच्या आधी लमॉन्टचं एक पाऊल योग्य दिशेला पडलेलं असतं. दर वेळी. त्याला कळलेलं असतं. तो सांगत नाही, कारण सांगणं रॉकोचं काम, आणि लमॉन्टच्या आईने त्याला दुसऱ्याच्या कामात तोंड घालू नये असं वळण लावलंय. म्हणजे दोघांची अदलाबदल केली की झालं. शेंबड्या पोरालाही कळेल. पण रॉकोच्या पाठीवर चौपन्न नंबर आहे, आणि चौपन्न नंबर मधलाच असतो. निदान आमच्या घरात.

हॉलमध्ये इरीन कुकीजच्या टेबलाशी उभी होती. आमच्या यंग्सटाऊनमध्ये केक लहान असला तरी चालतो, नवरामुलगा लहान असला तरी चालतो, पण कुकीजचं टेबल भिंतीपासून भिंतीपर्यंत पाहिजे. महिनाभर दोन्हीकडच्या मावश्या, आत्या, शेजारणी भाजत होत्या. इरीनने ट्रे बघितला, मला बघितलं. "अर्धा कुणी खाल्ला?" "पडला." "पडला! सरळ रस्त्यावरून सरळ चालता येत नाही आणि निघालेत पोरांना पळायला शिकवायला." "अगं, समोरून एक बाई..." "बाई!" इरीनने दोन्ही हात वर केले. "पन्नाशी उलटल्यावर एकदाची बाई आली ती पण माझ्या कुकीज पाडायला." मी हसलो. तीही हसली, आणि मग तिचा चेहरा एकदम विझला. मला कळलं ती कुठे पोचली ते. तिचा नवरा कार्माइन असता तर या क्षणी त्याने टेबलाखालून हात घालून जर्दाळूची एक कुकी चोरली असती आणि इरीनने त्याला चमच्याने मारलं असतं. दर लग्नात असंच व्हायचं. इरीनने चमचा उचलला, ठेवला, आणि म्हणाली, "रॉकोला बघ जरा. शर्ट बाहेर लोंबतोय त्याचा. फोटोवाला येईल."

कार्माइन टॅलेरिको. आम्ही दोघं या शाळेत एकत्र खेळलो. तो मध्ये, मी मोकळ्या बाजूला. तो ओरडायचा आणि मी धावायचो. आयुष्यभर तेच चाललं. तो म्हणाला पोलाद कारखान्यात ये, मी गेलो. तो म्हणाला कारखाना बंद पडणार, सुतारकामाची परीक्षा दे, मी दिली. तो म्हणाला तुझी बहीण मला आवडते, मी म्हटलं बरं. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये तो गेला. फुप्फुसं. शेवटी शेवटी इस्पितळात मी त्याच्याजवळ बसायचो तेव्हा तो जुन्या सामन्यांचं बोलायचा, आणि एकदा, काही संबंध नसताना, त्याने विचारलं, "एमिल, तुला तिथून काय दिसायचं रे?" मी विचारलं, कुठून? "तुझ्या जागेवरून. मला मध्ये कधी काही दिसलं नाही. नुसती ढुंगणं आणि चिखल." मला हसू आलं. मी म्हटलं, तुझी पाठ दिसायची, आणखी काय. मग नर्स आली. हे बोलणं मी कुणाला सांगितलेलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं? पण मैदानावर पोरांना जागा वाटून देताना ते दर वेळी माझ्या कानाशी येतं.

तो गेला त्या उन्हाळ्यात रॉको सरावाला आला तो बापाचा नंबर मागत. वार्गोने दिला. मी त्याला मध्ये उभं केलं. कुणी काही ठरवलं नव्हतं, अंत्यविधीनंतर खुर्च्या जशा ज्याच्या त्याच्या जागी जातात तसं ते झालं. आणि मी फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू. पुन्हा टॅलेरिको मध्ये, पुन्हा चौपन्न. पण पोरगं बदललं. आधी धावायचा तेव्हा मान मागे टाकून हसत धावायचा. कोण धावतं हसत? आता सकाळी उठला की आधी आईच्या चेहऱ्याकडे बघायचा. दिवस कसा जाणार ते तिथे लिहिलेलं असायचं. मग कॉनीच्या चेहऱ्याकडे. मग माझ्या. कुणाला काय हवंय, कुणाचं काय दुखतंय. घरातसुद्धा तो मध्ये उभा होता. आणि ज्याला चेहरे वाचायची सवय लागली, त्याला मैदानात कुणीही फसवू शकतो. डोळे मोठे केले की पुरे. हे मला त्या कपड्यांच्या टोपलीवाल्या बाईने शिकवलं. मला ते कळून काय उपयोग होता? कळलेलं सांगायचं कसं? "बाळा, बापाची जागा सोड," हे मामाने लग्नाच्या दिवशी भाच्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

लग्नात मी प्रार्थना कमी आणि विचार जास्त केला. बापाच्या जागी रॉकोने कॉनीला हात धरून आत आणलं. ऑर्गन वाजत होता, सगळे उभे. कॉनी सरळ समोर बघत चालली होती, तिला फक्त नवरदेव, टेरी, दिसत होता. आणि रॉको? रॉको दर ओळीत थांबल्यासारखा करून लोकांचे चेहरे बघत होता. त्या म्हाताऱ्या आत्याला बरं वाटतंय ना, आई रडते का, मामा रडतो का. मी रडत होतो, त्याने ते बघितलं आणि त्याचं पाऊल चुकलं. माझ्या मागच्या बाकावर लमॉन्ट आणि एफ्राइन उसन्या कोटांत बसले होते. लमॉन्ट हळूच म्हणाला, "डावा." एवढंच. आणि पुढच्याच क्षणी रॉकोने पाय बदलला, डावा टाकला. त्याने ते ऐकलं असणं शक्य नव्हतं. पण मी ऐकलं. मी वळून बघितलं तर लमॉन्ट ओशाळून छताकडे बघायला लागला.

टेरीबद्दल सांगायला हवं. टेरी मॅकगिनिस आगीच्या बंबावर काम करतो, मनाने सोन्यासारखा, आणि नदीपलीकडच्या शाळेचा. शाळेत असताना त्याने आमच्या संघाला दोन वर्षं असं पळवलं होतं की वार्गोच्या पोटदुखीची सुरुवात तिथूनच झाली असं डॉक्टरही म्हणतात. कॉनीने त्याला घरी आणलं तेव्हा कार्माइन जिवंत होता. त्याने टेरीला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "तुझी कमर अजून आठवते मला." टेरीला आता फिनिक्समध्ये नोकरी लागली होती. लग्न झालं की आठवड्याच्या आत दोघं ॲरिझोनाला. याबद्दल घरात कुणी फार बोलत नव्हतं. बोललं की इरीन भांडी घासायला घ्यायची, घासलेलीसुद्धा.

जेवण झालं. कोंबडी, पास्ता, कोबीचे रोल, जे आमच्याकडे सगळ्याच जातीच्या लग्नांत एकाच थाळीत असतं. अ‍ॅकॉर्डियनवाल्याने पोल्काची, आमच्याकडच्या नाचाची, धून सुरू केली आणि नवरीचा नाच आला. इरीनने कमरेला एप्रन बांधला, ज्याने त्यात डॉलर टाकला त्याने एक पेला व्हिस्की घशाखाली उतरवावी आणि नवरीबरोबर दोन गिरक्या घ्याव्यात. मीही घेतल्या. कॉनी माझ्या कानाशी म्हणाली, "मामा, रॉकोकडे लक्ष दे हं मी गेल्यावर." मी म्हटलं, तो तुझ्याकडे लक्ष देतोय, तू त्याच्याकडे देतेस, आई दोघांकडे देते, माझ्याकडे कोण देणार? ती खळखळून हसली. मग नाच संपत आला आणि सगळ्यांनी नवरीभोवती रिंगण केलं, हातात हात गुंफून, खांद्याला खांदा. आमची रीत अशी की नवऱ्याने बाहेरून धडक मारायची, रिंगण फोडायचं, आणि नवरीला उचलून दाराबाहेर न्यायचं. रिंगणाने जरा अडवायचं, जरा हसायचं आणि मग सोडून द्यायचं. सोडायचंच असतं. केस पिकलेली माणसं हे जाणतात. पण टेरीच्या बाजूला रिंगणात कोण उभं होतं? रॉको मध्ये, उजवीकडे एफ्राइन, डावीकडे लमॉन्ट. कुणी सांगितलं नव्हतं. तीन लाइनबॅकर तीन खुर्च्यांवर बसले तरी तसेच बसतात.

टेरीने कोट काढून करवल्याकडे फेकला, बाह्या सारल्या आणि हातांवर थुंकल्याचं नाटक केलं. हॉल ओरडायला लागला. वार्गो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, दोन्ही हातांत कुकीज. टेरी आला. डावा खांदा पाडला, डोळे मोठे केले, आणि काय सांगू, रॉको त्याच बाजूला गेला! टेरी दुसऱ्या बाजूने घुसणार तोच लमॉन्ट तिथे. तो आला कधी ते मी बघितलं नाही. त्याने टेरीला अलगद, अगदी स्वतःचा उसना कोट सांभाळत, छातीवर घेतलं आणि मागे ठेवून दिलं. टाळ्या. टेरी दुसऱ्यांदा आला, थेट एफ्राइनवर, आणि भिंतीवर चेंडू आपटावा तसा परतला. "कमर बघा, कमर!" कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडलं. तो मीच होतो. इरीनने माझ्या कोपराला चिमटा काढला. "लग्न आहे, एमिल! सोडायला सांग त्यांना!" आतून कॉनीही ओरडत होती, "अरे गाढवांनो, तो माझा नवरा आहे!" सगळा हॉल हसून लोळत होता. रिंगणातल्या आत्या-मावश्या सोडायला तयार होत्या, हात सैल सोडून उभ्या होत्या. माझे तिघं तेवढे वाकून उभे, शिकवल्यासारखे. अशी चूक दुसऱ्या कुठल्या गावात होत असेल असं मला वाटत नाही. अभिमानाने माझा ऊर फुटायचा बाकी होता.

तेवढ्यात मी रॉकोचा चेहरा बघितला. तो खेळत नव्हता. दात आवळलेले, डोळे भरलेले. तो टेरीकडे बघतच नव्हता, खांद्यावरून सारखा मागे बघत होता, बहिणीकडे. त्याला खरोखरच तिला जाऊ द्यायचं नव्हतं. कार्माइन गेला, आता ही चालली, आणि हा पोरगा मध्ये उभा राहून घराला घट्ट धरून बसला होता. दोन वर्षं धरून बसला होता, आणि मी, त्याचा मामा, त्याचा कोच, त्याला म्हणत होतो शाबास, जागा सोडू नकोस. मला वाटलं जावं, त्याच्या खांद्यावर हात ठेवावा. पण मी जागेवरच राहिलो. टेरीच्याही ते लक्षात आलं असावं, तो गुडघ्यांवर हात ठेवून थांबला होता, धापा टाकत, आणि पुढे यायला बिचकत होता. अ‍ॅकॉर्डियनवाला तेच ते आळवत होता. "रॉक," लमॉन्ट म्हणाला. तो मोठ्याने बोलत नाही, पण मी त्याच्या ओठांवर वाचलं, आणि नंतर त्याने मला सांगितलंही. "रॉक, तू तिच्याकडे बघ. इकडचं मी बघतो."

रॉकोने त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं आता भांडणार. त्याने बाहीने नाक पुसलं, मग एक पाऊल बाजूला झाला आणि लमॉन्टच्या दंडाला धरून त्याला आपल्या जागी ओढलं. "तू ये मध्ये," तो म्हणाला. हे हॉलभर ऐकू गेलं. स्वतः तो लमॉन्टच्या जागी, टोकाला, जाऊन उभा राहिला. पाय फाकवले, हात झटकले. त्याचे खांदे खाली आले. मी ते खांदे दोन वर्षांनी खाली आलेले बघत होतो. जड खोकं डोक्यावरून उतरवल्यावर माणूस मान इकडेतिकडे फिरवतो, तशी त्याने मान फिरवली. मला तोंडावर हात ठेवावा लागला, नाहीतर मी ओरडलो असतो.

"डावीकडून फिरणार!" लमॉन्ट ओरडला. केवढा आवाज! देवळातल्या घंटेसारखा, खालून येणारा. ज्या पोराला दोन वर्षांत मी "हो कोच" याच्यापलीकडे बोलताना ऐकलं नव्हतं, त्याच्या आवाजाने पेले किणकिणले. आणि टेरी खरंच डावीकडे फिरला, रिंगणाला सोडून, हॉलच्या कडेने सुसाट, भिंतीशी लावलेल्या खुर्च्या ओलांडत, रिंगणाच्या मागच्या बाजूने घुसायला. एफ्राइनने आपल्या बाजूची वाट बंद केली. आणि रॉको सुटला. टेबलांच्या मधून, एका आत्याच्या काठीवरून उडी मारून, पाहुण्यांच्या गर्दीतून वाट काढत. शर्ट बाहेर, मान मागे टाकलेली, आणि तोंड उघडं. हसत होता. हसत धावत होता! कुकीजच्या टेबलाच्या टोकाला त्याने टेरीला गाठलं, मागून कमरेला मिठी घातली, आणि दोघं पिठीसाखरेच्या ढगात गोल फिरून थांबले. टेबल हललं. इरीनने देवाचं नाव घेतलं. एकही ट्रे पडला नाही. वार्गोच्या हातातली कुकी मात्र त्याच्याच बुटावर पडली.

आता काय? नवरा पकडला गेला होता. अशा लग्नाचं पुढे काय करतात ते कुणालाच माहीत नव्हतं. रॉकोने टेरीला सोडलं नाही. उलट त्याने त्याला उचललं, धान्याचं पोतं खांद्यावर टाकावं तसं टाकलं, आणि रिंगणाकडे घेऊन निघाला. टेरी उलटा लटकून हसत होता, हात पाय झाडत होता. "उघडा!" लमॉन्ट गरजला, आणि रिंगण उघडलं. रॉको आत गेला आणि त्याने टेरीला कॉनीच्या पुढ्यात नीट उभं केलं, त्याच्या पाठीवरची साखर झटकली. "घे," तो बहिणीला म्हणाला. मग टेरीला म्हणाला, "घेऊन जा तिला. पण नाताळला परत आणायचं. नाहीतर आम्ही तिघं येऊ तिकडे." टेरी म्हणाला, "त्या मधल्याला नको आणूस, बाबा." कॉनीने भावाचं तोंड दोन्ही हातांत धरून त्याचा इतका मोठा मुका घेतला की त्याच्या कानापर्यंत लाल रंग लागला. मग टेरीने तिला उचललं आणि दारातून बाहेर धावला. अ‍ॅकॉर्डियनवाला बिचारा दमून खुर्चीवर बसला.

वार्गो वाकून बुटावरची कुकी उचलत होता. "मग?" त्याने न बघताच विचारलं. "काय मग?" "नाव." मी म्हटलं, "तूही इथेच होतास की, तुला दिसलं नाही?" तो सरळ झाला, कुकीवर फुंकर मारून ती खाल्ली. "दिसलं," तो म्हणाला. "पोट पण दुखायचं थांबलं." आणि लमॉन्टला शोधत निघून गेला. मी गर्दीतून बाजूच्या पायऱ्यांवर आलो. ऑक्टोबरची संध्याकाळ, उजेड अजून होता, खाली गाड्यांच्या टपांवर पानं पडलेली. रॉको तिथेच बसला होता, कागदी रुमालात भरपूर कुकीज घेऊन. मी शेजारी बसलो. त्याने रुमाल पुढे केला. जर्दाळूची घेतली मी.

"मामा, बाबांना काय वाटलं असतं?" त्याने विचारलं. पाहुण्यांसमोर, मैदानावर तो मला कोच म्हणतो. मी खोटं काहीतरी सांगू शकलो असतो. पण आज मला खोटं सांगायची गरजच पडली नाही, आणि त्याने मला इतकं बरं वाटलं. मी म्हटलं, "त्याने इस्पितळात मला विचारलं होतं, तुला तिथून काय दिसायचं म्हणून. माझ्या जागेवरून. त्याला मध्ये कधी काही दिसलं नाही म्हणाला." रॉको चघळायचा थांबला. "तू काय सांगितलंस?" "तुझी पाठ, म्हटलं. तो आधी आत घुसायचा ना, मग मी त्याच्या मागून. दर वेळी आधी त्याची पाठ, आणि मग त्याच्या पलीकडे सगळं मैदान." रॉकोने रुमालातली साखर बोटाने एका कोपऱ्यात लोटली. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. शिकवलेलं कधीतरी स्वतःही पाळावं.

"मला आज लमॉन्टची पाठ दिसली," तो म्हणाला. "तो ओरडला तेव्हा. आणि पलीकडे टेरी, आई, सगळे. एकदम सगळं दिसलं." मग त्याने लहानपणी विचारायचा तसं विचारलं, "बाबांची पाठ कशी दिसायची?"

"रुंद," मी म्हटलं. "आणि त्याचा शर्ट कधीच आत खोचलेला नसायचा. पूर्ण चार वर्षं. कोच ओरडायचे, पंच ओरडायचे, तुझी आई तिकडे बाकावरून ओरडायची. शेपटीसारखा मागे उडत असायचा. चिखलात सगळे सारखेच दिसायचे, पण ते शेपूट दिसलं की मला कळायचं, कार्माइन पुढे आहे, काही होत नाही."

दार उघडून इरीनने डोकं बाहेर काढलं. हातात चमचा होता. "रॉको! फोटोवाला कधीचा थांबलाय, आणि तो शर्ट आत खोच!" रॉकोने मान खाली घालून स्वतःकडे बघितलं. शर्ट पँटच्या बाहेर लोंबत होता, त्यावर साखर. तो उठला, रुमाल माझ्या मांडीवर ठेवला आणि आईच्या बाजूने वाकून आत पळाला. शर्ट त्याने खोचला नाही.